वृद्धाश्रमात, केअर सेंटरमध्ये मावशी-ब्रदर टिकत नाहीत? मग या क्रमाने करा

"पगार किती वाढवला म्हणजे मावशी टिकतील?" जळगाव, भुसावळ, धुळे, शिरपूर, शहादा, कुठूनही सेंटरच्या मालकाचा फोन आला की पहिला प्रश्न हाच. माझं उत्तर बहुतेकांना आवडत नाही, कारण पगार माझ्या यादीत तिसऱ्या नंबरवर आहे आणि पहिल्या दोन गोष्टी न करता पगार वाढवला तर दोन महिने शांतता राहते आणि मग पुन्हा तेच, सकाळी सहाला फोन येतो, "ताई, मी सकायपाईन येवाव नही" (उद्यापासून येणार नाही), आणि तुम्ही स्वतः ग्लोव्ज घालून पेशंटच्या स्पंजिंगला, म्हणजे अंग पुसायला, उभे.

हा लेख १५ ते ४० बेडच्या जागांसाठी आहे, जिथे चालतीफिरती आजी-आजोबा आहेत आणि सोबत पॅरालिसिस, डिमेन्शिया, राइल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी नळी), कॅथेटरवालेही (लघवीची नळी लावलेले) आहेत. टप्पे जसे दिलेत तसेच करा. लोकांचं चुकतं ते इथेच, तिसरा टप्पा आधी करतात आणि पहिला कधीच करत नाहीत.

टप्पा १: गेलेल्यांची वही

जाहिरात द्यायच्या आधी एक साधी वही घ्या. मागच्या दोन वर्षांत जी जी माणसं सोडून गेली त्यांची नावं हजेरीबुकातून काढा आणि प्रत्येकापुढे पाच गोष्टी लिहा: कुठल्या गावाहून यायची, कशाने यायची (एसटी, काळीपिवळी, नवऱ्याची मोटरसायकल, रेल्वे), किती दिवस टिकली, कुठल्या महिन्यात गेली, आणि शेवटच्या आठवड्यात तिची ड्युटी काय होती.

"का गेली" हा रकाना सगळ्यात शेवटी भरा. आणि तो मालकाने किंवा मॅनेजरने फोन करून भरू नका. तुम्हाला ती "घरी अडचण होती" एवढंच सांगणार, कारण उरलेला पगार अजून तुमच्याकडे असतो किंवा उद्या परत काम लागलं तर दार उघडं हवं असतं. जुनी टिकलेली एखादी मावशी असेल तिला विचारायला सांगा, खरं कारण तिला आधीच माहीत असतं म्हणा.

मग त्या नावांचे तीन गट पाडा. पहिल्या महिन्यात गेलेले, महिना ते वर्षाच्या आत गेलेले, वर्षानंतर गेलेले. हे तीन वेगळे आजार आहेत. पहिल्या महिन्यात जाणारीला काम काय आहे ते कोणी नीट सांगितलेलं नसतं किंवा पहिल्याच आठवड्यात तिला एकटं सोडलेलं असतं. वर्षाच्या आत जाणारी बहुतेक वेळा ड्युटी, सुट्टी आणि पगाराच्या तारखेमुळे जाते. वर्षानंतर जाणारी अपमानामुळे जाते, किंवा तिला सुरतेहून, नाशिकहून, पुण्याच्या एजन्सीकडून बोलावणं आलेलं असतं.

तपासा: वहीत निम्म्याहून जास्त नावं पहिल्या गटात असतील तर पगारवाढीचा विचार सध्या बाजूला ठेवा, तुमचं भोक टप्पा ४ आणि ५ मध्ये आहे. तरी टप्पा २ सोडू नका.

टप्पा २: माणसं किती लागतात त्याचं गणित

इथे जवळजवळ सगळे चुकतात. ३० बेडची जागा धरा, त्यात १० जण पूर्ण बेडवर. सकाळी ५ माणसं लागतात (आंघोळ, स्पंजिंग, डायपर, चादरी, नाश्ता सगळं सकाळीच येतं), दुपारी ३, रात्री २. म्हणजे दिवसाला १० ड्युट्या. मालक म्हणतो १० माणसं ठेवली, झालं.

नाही झालं. आठवड्याला ७० ड्युट्या भरायच्यात आणि एक माणूस आठवड्याला ६ च भरतो, कारण एक दिवस ऑफ. ७० भागिले ६, म्हणजे पावणेबाराच्या आसपास. म्हणजे कोणी आजारी पडलं नाही, कोणाचं लग्नकार्य निघालं नाही तरी १२ लागतात. हक्काच्या रजा आणि आजारपण धरलं की १३. तुमच्याकडे १० असतील तर हा तीन माणसांचा खड्डा रोज कोणीतरी डबल ड्युटी करून भरतंय, आणि ते "कोणीतरी" म्हणजे तुमची सगळ्यात चांगली मावशी असते कारण ती नाही म्हणत नाही. मग ती जाते. मग तुम्ही म्हणता चांगली माणसं टिकत नाहीत!

ते तीन पगार वाचवले असं कागदावर दिसतं. पण ओव्हरटाइम कायद्याने दुप्पट दराने द्यायचा असतो, तो खरोखर दिला तर वाचत काहीच नाही, आणि दिला नाही तर माणूस जातो आणि नवीन माणूस शिकेपर्यंत एखाद्या आजोबांना बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झालेला असतो, त्याचं ड्रेसिंग महिनाभर.

आता वेळा. आठ तासांच्या तीन ड्युट्या करायच्या म्हटलं की पुस्तकातला चार्ट ७-३, ३-११, ११-७ असा येतो. आपल्याकडे रात्री ११ ला सुटलेली बाई पाळधीला किंवा वरणगावला जाणार कशाने? गाडीने घरापर्यंत सोडायची सोय करा, नाहीतर दुपारवालीला झोपायला आतून कडी लागणारी खोली द्या. स्टोअररूममध्ये गादी टाकली म्हणजे खोली झाली असं नाही. बायकांना रात्रपाळी द्यायची तर त्यांची लेखी संमती आणि जायच्या-यायच्या वाहनाची सोय, दोन्ही लागतं.

चार्ट बनवताना एसटीचं टाइमटेबल समोर ठेवा. शेवटची गाडी ८.१० ची असेल आणि ड्युटी ८ ला सुटत असेल तर हँडओव्हर धड होतच नाही, पेशंटला शेवटचं कधी कुशीवर वळवलं, कॅथेटरची पिशवी कधी रिकामी केली हे कोणी सांगत नाही, बाई चप्पल पायात घालूनच बोलत असते. ड्युटी पाऊण तास अलीकडे आणा, भांडणं निम्मी होतात.

सावध: १२-१२ तासांच्या दोन ड्युट्या "सगळेच करतात" म्हणून लावू नका. एक तर ते कायद्यात बसत नाही, आणि १२ तास वाकून काम केलेल्या बाईची कंबर वर्षभरात जाते. त्यानंतर ती तुमच्याकडेच काय, कुठेच हे काम करू शकत नाही.

तपासा: पुढच्या महिन्याचा चार्ट २५ तारखेला भिंतीवर लागतो का? लागत नसेल तर टप्पा ३ ला जाऊ नका. ऑफ कधी आहे हे ज्या बाईला आदल्या दिवशी कळतं तिला पोराच्या शाळेत जाता येत नाही, दवाखान्यात जाता येत नाही, ती काय टिकणार.

टप्पा ३: पगार, आणि पगाराचा हिशोब समजावणं

आधी किमान वेतन बघा. त्यातला विशेष भत्ता (महागाईचा भाग) महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी, १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा आकडा धरून बसू नका. त्याच्या खाली असाल तर बाकीचं वाचायची गरज नाही, आधी ते नीट करा.

दुसरं, तारीख. पगार ७ तारखेच्या आत झालाच पाहिजे, आणि दर महिन्याला त्याच तारखेला. मी तर म्हणेन ५ ठरवा आणि ५ लाच करा. बचत गटाचा हप्ता, किराणा दुकानाची उधारी, क्लासची फी, सगळं त्या तारखेवर बांधलेलं असतं. पेशंटच्या नातेवाईकांनी पैसे थकवले ही तुमची अडचण आहे, ती मावशीच्या पगारावर ढकलू नका. त्यासाठी महिनाभराच्या पगाराएवढी रक्कम वेगळ्या खात्यात पडून असली पाहिजे. नवीन सेंटर काढणारे एअर बेड आणि सोफ्यावर खर्च करतात आणि हे विसरतात.

तिसरं, कपात. यावरून फार माणसं जातात आणि मालकाला पत्ताही नसतो. मुलाखतीत "१४ हजार" सांगितलं आणि खात्यात १२ हजार आले की तिला वाटतं फसवलं. म्हणून जॉइनिंगच्या आधी कागदावर लिहून दाखवा. पूर्ण १४,००० वर पीएफ धरला तर तिचे १२ टक्के म्हणजे १,६८०. ईएसआयसीचे (सरकारी कामगार विमा) तिचे पाऊण टक्का म्हणजे १०५. हातात १२,२१५. बाई असेल तर २५ हजारांपर्यंत प्रोफेशनल टॅक्स नाही, पुरुष असेल तर अजून २०० जातात. आणि लगेच दुसऱ्या रकान्यात लिहा की ईएसआयसीत तुम्ही वरून सव्वातीन टक्के म्हणजे ४५५ भरताय आणि पीएफमध्येही तिच्याइतकेच भरताय, ते तिच्या नावावर आहे.

(पीएफ २० किंवा जास्त माणसं झाली की लागतो, ईएसआयसी २१,००० पर्यंतच्या पगाराला. तुम्हाला काय लागू आहे ते सीएला विचारा, अंदाजाने कापू नका.)

नुसतं कार्ड दिलं म्हणजे ईएसआयसी झाली असं नाही. जवळचा त्यांचा दवाखाना कुठे आहे, घरातल्या कोणाकोणाची नावं टाकायची, आजारपणात घरी राहिलं तर ७० टक्के पैसे कसे मिळतात, हे एकदा बसून सांगा. एका मावशीच्या नवऱ्याचं मोठं आजारपण त्या कार्डावर निघालं की बाकीच्या "कापू नका" म्हणायचं आपोआप बंद करतात.

उचल: मागितली तर द्या, पण वहीत सही घेऊन, आणि हप्ता एवढाच ठेवा की पगाराच्या दिवशी तिच्या हातात घर चालवण्याइतकं उरेल. मोठी उचल देऊन माणूस बांधून ठेवायची आयडिया काहींना भारी वाटते. ती बाई एक दिवस रात्रीच्या गाडीने सुरतेला निघून जाते, पैसेही गेले आणि माणूसही.

सावध: आधार कार्ड, मार्कशीट, सर्टिफिकेट यांची मूळ प्रत कधीही ठेवून घेऊ नका. झेरॉक्स घ्या आणि मूळ तिथल्या तिथे परत करा.

टप्पा ४: भरती

"पाहिजेत: आया, वॉर्डबॉय, पगार आकर्षक." अशा जाहिरातीने फोन खूप येतात आणि येणारी माणसं आठवडाभरात जातात. मी तीन जागा सांगते.

एक, दहा-बारा किलोमीटरच्या आतली गावं. तिथली आशाताई, बचत गटाची अध्यक्षा, अंगणवाडी सेविका यांना भेटा. ३५ ते ५० वयाची, पोरं मोठी झालेली, घरी सासू-सासऱ्यांचं आजारपण काढलेली बाई या कामात सगळ्यात जास्त टिकते. तिला दहावीचं सर्टिफिकेट मागू नका, लिहिता-वाचता आलं की पुरे, चार्टवर टिक मारता आली पाहिजे.

दोन, धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, चोपडा-यावलचा सातपुड्याकडचा पट्टा. इथली एएनएम (नर्सिंगचा) किंवा जीडीए (पेशंटच्या देखभालीचा) कोर्स केलेली पोरं-पोरी मिळतात. त्यांना राहायची सोय लागते आणि ती नीट हवी, जेवणासकट. पावरी, भिली बोलणारी एक पोरगी असली की त्या भागातल्या आजीचं अर्धं आजारपण बोलण्यानेच हलकं होतं. पण एकाच गावातली पाच जणं एकदम घेऊ नका, होळीला पाचही जातात.

तीन, तुमच्याच टिकलेल्या माणसांची ओळख. आणलेलं माणूस तीन महिने टिकलं तर आणणारीला काहीतरी रक्कम द्या, पहिल्याच दिवशी देऊ नका.

आता मुलाखत. टेबलाच्या पलीकडे बसवून "काम करशील ना?" विचारलं की सगळ्याच हो म्हणतात. त्याऐवजी अर्ध्या दिवसाचे पैसे देऊन सकाळी ७ ते ११ बोलवा आणि फक्त बघायला सांगा. डायपर बदलताना, शी साफ करताना, तोंडातून लाळ गळत असलेल्या आजोबांना भरवताना, डिमेन्शियाच्या आजी शिव्या देत असताना. ११ ला चहा देऊन विचारा. ज्या नाही म्हणतील त्यांना पैसे देऊन हसत घरी पाठवा, तुमचा एक महिना वाचला.

आणि एक गोष्ट जी कोणी करत नाही. बाईच्या नवऱ्याला किंवा सासूला एकदा सेंटरवर बोलवा. कुठे बसते, कुठे जेवते, रात्रपाळीला कोण असतं, पुरुष पेशंटचं काम कोण करतं, सगळं फिरवून दाखवा. आपल्याकडे "कुठे जाते गं ही रात्रीची" हा प्रश्न गल्लीत सुरू झाला की काम सुटतं, आणि त्याचं उत्तर द्यायला घरातलंच माणूस पाहिजे. सासू बघून गेली की ती बाई टिकण्याचा चान्स खूप वाढतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

तपासा: नेमणुकीचं पत्र मराठीत आहे का? पगार, कपात, ड्युटीचे तास, ऑफ, रजा, नोटीस किती दिवसांची, एवढं एका पानात लिहून द्या आणि वाचून दाखवा.

टप्पा ५: पहिले ३० दिवस

पहिला दिवस. लॉकरची चावी, मापाचा ॲप्रन (आधीच्या बाईचा ढगळा नाही), नावाचा बिल्ला, स्टाफचं बाथरूम कुठे, पाणी कुठे, डबा कुठे खायचा. हे फालतू वाटतं, पण नवीन बाई पहिल्या दिवशी दुपारी डबा घेऊन कुठे बसू म्हणून जिन्यात उभी असते आणि कोणी विचारत नाही. उन्हाळ्यात स्टाफरूमला कूलर पाहिजेच, भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत माणसं बसवणार असाल तर टिकण्याची भाषा करू नका.

पहिला आठवडा. एक जोडीदार ठरवा, एकच. नवीन माणूस तिच्याच ड्युटीला, तिच्याच मागे. जोडीदारीणीला त्या महिन्यापुरते वेगळे पैसे द्या, नाहीतर तिला ते ओझं वाटतं आणि ती शिकवण्याऐवजी हुकूम सोडते. या आठवड्यात चारच गोष्टी शिकवायच्या: चादरीने धरून दोघींनी पेशंट सरकवायचा कसा (काखेत हात घालून ओढायचं नाही, पेशंटचा खांदाही जातो आणि आपली कंबरही), दर दोन तासांनी कूस बदलून चार्टवर लिहायचं कसं, भरवताना बसतं करून भरवायचं आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, आणि हात-ग्लोव्जची शिस्त. हिपॅटायटिस बी चा पहिला डोस याच आठवड्यात तुमच्या खर्चाने द्या, दुसरा महिन्याने, तिसरा सहा महिन्यांनी. तारखा तिच्या फाइलला लावा. लस देणाऱ्या मालकाबद्दल गावात जे बोललं जातं ते कुठल्याही जाहिरातीने होत नाही.

दुसरा-तिसरा आठवडा. आता ३-४ पेशंट तिच्या नावावर द्या, दर आठवड्याला बदलू नका. तिला आजीची चहाची वेळ माहीत होते, आजीला तिचा हात माहीत होतो, मग शिव्या कमी होतात. मारणारा, चावणारा, अंगाशी येणारा डिमेन्शियाचा पेशंट या काळात अजिबात द्यायचा नाही. तसल्या पेशंटला नंतरही दोघांनी मिळूनच हात लावायचा, एकट्या पोरीला त्या खोलीत पाठवायचं नाही. डोकं आजारी आहे म्हणून पेशंटला माफ, पण म्हणून बाईने सहन करायचं असं होत नाही. १० किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती कायद्यानेच लागते, तिच्यातल्या बायकांची नावं भिंतीवर लावा.

रात्रपाळी पहिले तीन आठवडे नाही, आणि नंतरही एकटीने नाही.

मृत्यू. हा भाग कोणी शिकवत नाही आणि यामुळे गेलेली माणसं वहीत "घरी अडचण" म्हणून लागतात. रात्री तीनला पेशंट गेला तर आधी कोणाला फोन, डॉक्टर किती वेळात येतात, नातेवाईकांना कोण सांगतं (मावशी नाही, इनचार्ज किंवा मॅनेजर), अंग कोण पुसतं, खोलीत बाकीचे पेशंट असतील तर पडदा, दागिने कोणासमोर काढायचे, हे सगळं एका कागदावर लिहून नर्सिंग टेबलला चिकटवा आणि पहिल्या महिन्यात एकदा तोंडी म्हणून घ्या. आणि ज्या मावशीच्या नावावर ते आजोबा होते ती सुट्टीवर असेल तर तिला फोन करून सांगा. आठ महिने ज्यांना भरवलं त्यांच्या बेडवर सकाळी येऊन नवीनच माणूस बघायचं, हे फार वाईट असतं. तिला तासभर बसू द्या, जमलं तर अंत्यविधीला जाऊ द्या.

१५ वा आणि ३० वा दिवस. दहा मिनिटं बसून तीन प्रश्न: काय जड जातंय, कोण त्रास देतंय, येण्या-जाण्याचं नीट आहे का. "कसं चाललंय?" विचारू नका, "चांगलं चाललंय" एवढंच येतं. आणि जे सांगेल त्यातली एक तरी गोष्ट आठवड्यात करून दाखवा.

सावध: पहिल्या महिन्यात माणूस कमी आहे म्हणून नवीन बाईला किचनला, झाडूपोछ्याला ओढू नका. ती ज्या कामासाठी आली तेच काम.

टप्पा ६: आळ, जात आणि नातेवाईक

वर्षानंतर जाणारी माणसं इथे जातात, आणि पगार वाढवून ती थांबत नाहीत.

सोनं. आपल्याकडे आजी पाटल्या, पोत, कानातलं घालूनच ॲडमिट होतात. मग एक दिवस पोत सापडत नाही आणि पहिला संशय मावशीवर. म्हणून ॲडमिशनच्या वेळीच दागिने नातेवाईकांच्या ताब्यात, सही घेऊन. एखादी वस्तू ठेवायचीच असेल तर फोटो आणि वर्णन रजिस्टरला, दर महिन्याला नातेवाईकांसमोर तपासणी. काही हरवलं तर आधी गादीखाली, धुण्यात, डायपरच्या बादलीत, उशीच्या खोळीत बघा, तिथेच सापडतं बहुतेक. मावशांच्या पिशव्या सगळ्यांसमोर उघडायला लावल्या की त्या महिन्यात दोन-तीन जणी जाणार हे लिहून ठेवा, वस्तू सापडली तरी जाणार.

जात. बोलायला कोणाला आवडत नाही पण होतं. "हिच्या हातचं पाणी नको", "त्या बाईला माझ्या ताटाला हात लावू देऊ नका." मालक काय करतो, वाद नको म्हणून मावशी बदलतो. बदलू नका. ॲडमिशन फॉर्ममध्येच लिहा की जेवण आणि सेवा ड्युटीवर असेल तो कर्मचारी देईल, जात-धर्म बघून माणूस बदलून मिळणार नाही, आणि त्याखाली नातेवाईकांची वेगळी सही घ्या. एखादा पेशंट त्यामुळे दुसरीकडे गेला तर जाऊ द्या. तुम्ही कोणाच्या बाजूला उभे राहिलात ते सगळा स्टाफ बघत असतो.

नातेवाईक. रविवारी पुण्या-मुंबईहून मुलगा येतो, वर्षातून दोनदा, आणि मावशीवर ओरडतो की आईची नखं का वाढली. नियम करा: तक्रार फक्त इनचार्जकडे, मावशीला थेट बोलायचं नाही. आणि तक्रार खोटी निघाली तर इनचार्जने तसं नातेवाईकांना मावशीसमोर सांगायचं. हे दुसरं वाक्य फार कमी ठिकाणी पाळतात.

टप्पा ७: सुट्ट्यांचं खान्देशी कॅलेंडर

सरकारी सुट्ट्यांचं कॅलेंडर लावून काही होत नाही. जानेवारीतच हे वेगळं बनवा.

आखाजी (अक्षय्य तृतीया): माहेरवाशिणी माहेरी जाणार म्हणजे जाणार, त्यातच लग्नसराई. अडवू नका, दोन गट करा, अर्ध्या आखाजीच्या आधी, अर्ध्या नंतर, आणि पुढच्या वर्षी गट उलटे. कानबाई (खान्देशातल्या देवीचा सण): श्रावणात, नागपंचमीनंतरचा रविवार, प्रसादाच्या रोटांना सगळी भाऊबंदकी जमते, ज्या घरी कानबाई बसते तिथली सून येऊच शकत नाही. स्टाफमध्ये कोणाकडे बसते ते आधी विचारून ठेवा. भोंगऱ्या (होळीआधीचा आदिवासी बाजार) आणि होळी: सातपुड्याकडची पोरं आठवडाभर नाहीत. दहावी-बारावीची परीक्षा: आईला सकाळची ड्युटी बदलून द्या.

आणि कापूस वेचणी. ऑक्टोबर ते जानेवारी. किलोमागे रोख पैसे, संध्याकाळी हातात, शेजारणी सगळ्या जातात, दिवाळीचा खर्च समोर. त्या काळात "तुला नोकरीची किंमत नाही" असं बोलून उपयोग नाही, तिचा हिशोब तुमच्यापेक्षा पक्का असतो. काही सेंटर त्या महिन्यांत उपस्थितीचा भत्ता देतात, एकही खाडा नसेल तर पगाराशिवाय ठरलेली रक्कम, आठवड्याला रोख. महिन्याला नाही, आठवड्याला, कारण स्पर्धा रोजच्या रोखीशी आहे. ज्यांची स्वतःची शेती आहे त्यांना वेचणीला सलग चार दिवस रजा द्या आणि बदल्यात उन्हाळ्यातल्या ड्युट्या घ्या, हे बोलून ठरतं.

तपासा: बदली माणसांची यादी आहे का? निवृत्त झालेल्या मावशा, बाळंतपणानंतर घरी असलेल्या, महिन्यातून चार दिवस येऊ शकणाऱ्या. ४-५ नावं आणि नंबर पुरतात, पण त्यांना सणाला फोन करायचा तर मधल्या महिन्यांतही एखादी ड्युटी देत राहावं लागतं.

टप्पा ८: जुन्या माणसाला पुढची पायरी

थोडक्यात सांगते. तीन पायऱ्या ठेवा, मावशी, सिनियर, शिफ्ट इनचार्ज, आणि प्रत्येक पायरीला पगारात दिसेल एवढा फरक. पाच वर्षांच्या बाईला आणि कालच्या बाईला दोनशे रुपयांचा फरक असेल तर ती सुरतेच्या फोनला हो म्हणणारच. वाढीची तारीख ठरलेली हवी, मागायला लावू नका. चांगल्या मुलीला जीडीएचा कोर्स करायला पाठवा, "शिकली की पळून जाईल" म्हणून न शिकवणारे आहेत, त्यांच्याकडून न शिकताही पळतात.

टप्पा ९: जाणाऱ्याला नीट पाठवणं

जायचं म्हणाली की अबोला धरू नका, शेवटचा पगार अडकवू नका, अनुभवाचा दाखला मागायच्या आधी द्या. सलग पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशोब करा. शेवटच्या दिवशी हिशोब पूर्ण, सही, चहा.

कारण निम्म्या वेळा जाणं कायमचं नसतं. लग्न, बाळंतपण, वेचणी, सासूचं आजारपण, सुरतेचा एक प्रयोग. गेलेल्यांच्या वहीत एक रकाना वाढवा: "परत बोलवायची का, आणि कधी." कापसाची शेवटची वेचणी झाली की फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्या रकान्यातल्या सगळ्यांना फोन करा, मॅनेजरने नाही, जोडीदारीणीने. परत आली तर जुन्याच पायरीवर घ्या, नवीन म्हणून खालून सुरू करायला लावू नका, हिपॅटायटिसचा राहिलेला डोस असेल तर तो पहिल्या दिवशी द्या आणि तिचे जुने पेशंट तिलाच.